मिनिफिगरच्या हातातली तलवार: खरेदी, घासकाम, रंग आणि कोकणातली दमट हवा

देवगडहून तुम्ही लिहिलंय की यंदाच्या गणपतीच्या देखाव्यात लेगोच्या मिनिफिगर, म्हणजे बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या, वापरून मराठा आरमाराचं गलबत उभं करायचं आहे. वीस-बावीस खलाशी आणि शिपाई, त्यांच्या तलवारी, ढाली, भाले, पगड्या. ऑनलाइन मागवलेल्या तलवारींपैकी काही हातात ठरत नाहीत, काही इतक्या घट्ट की दोघांचे हात तडकले. शिवाय घरी स्प्रेने रंगवलेल्या तलवारी आठवडा उलटला तरी बोटाला चिकटतात. पुढची खरेदी कुठून करावी आणि रंगाचं काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे.

यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. हात तडकले ते मापामुळे. रंग चिकटतोय तो बहुधा कच्च्या रेझिनमुळे (थ्रीडी प्रिंटचं, प्रकाशात पक्कं होणारं द्रव प्लॅस्टिक) किंवा हवेमुळे. दोन्ही सुटतात, पण क्रम पाळावा लागतो: आधी मूठ मोजायची, मग ती बसवायची, रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात, कारण वस्तू दिसते ती रंगामुळे.

मापापासून सुरुवात करतो. मिनिफिगरचा हात म्हणजे इंग्रजी 'सी'च्या आकाराची पकड. ती ३.१८ मिलिमीटर व्यासाच्या गोल दांडीसाठी बनलेली आहे. लेगोच्या स्वतःच्या तलवारी, भाले, दुर्बिणी, वल्ही, सगळ्यांच्या मुठी याच मापाच्या असतात. मूठ ३.३ मिमी झाली की हात बसतो खरा, पण तो सतत ताणलेला राहतो. प्लॅस्टिकला क्षणभराचा ताण सोसतो, महिनोन्महिने टिकून राहिलेला ताण सोसत नाही. आधी पकडीच्या कडेला पांढरट रेघ दिसते, मग चीर जाते. या अवस्थेत कुणी 'सरकायला सोपं' म्हणून खोबरेल तेल लावलं तर चीर लवकर येऊ शकते, कारण ताणलेल्या प्लॅस्टिकला काही वेळा तेलाने तडे जातात. हाताच्या पकडीत तेल, ग्रीस, काहीही घालू नका.

म्हणून पहिली खरेदी डिजिटल व्हर्नियर कॅलिपरची. महागातला लागत नाही. प्रत्येक मूठ दोन दिशांनी मोजा, कारण साच्यातून आलेल्या मुठी बऱ्याचदा किंचित लंबगोल असतात. माझ्या हाताखालून गेलेल्या वस्तूंवरून सांगतो: ३.१० ते ३.२० मिमीच्या आतली मूठ चांगली बसते, ३.०० च्या खालची डुलते, आणि ३.२५ च्या वरची घासल्याशिवाय हातात द्यायची नाही. तुमच्याकडच्या सगळ्या तलवारी आजच मोजून तीन डब्यांत वेगळ्या करा. अर्धं काम तिथेच होईल.

तडकलेल्या हातांची काळजी करू नका. हात मनगटाशी फक्त दाबून बसवलेला असतो. थोडा फिरवत सरळ बाहेर ओढला की निघतो, आणि सुटे हात विकत मिळतात. तडकलेल्या हाताला सुपरग्लू लावायच्या फंदात पडू नका. पकडीची लवचीकता जाते आणि ग्लूच्या वाफेने आजूबाजूच्या चकचकीत पृष्ठभागावर पांढरी धूसर छटा बसते. आपल्याकडच्या दमट हवेत सुपरग्लू झटकन सेट होतो, त्यामुळे ही छटाही जास्त दिसते.

आता खरेदी. मी नेहमी आधी लेगोचेच सुटे भाग शोधायला सांगतो, आणि आरमारासाठी तर नक्कीच. १९८९ मध्ये लेगोची पायरेट्स मालिका आली. तिच्यापासून वाकड्या पात्याच्या तलवारी, लांब बंदुका, पिस्तुलं, दुर्बिणी, तोफा असं जहाजावरचं बरंच सामान निघालं. २००३ च्या ओरिएंट एक्स्पिडिशन मालिकेत तर भारताचा टप्पाच होता आणि त्यात फेट्यासारखं शिरस्त्राण आलं. हे भाग ब्रिकलिंकवर सुटे मिळतात. ही बाजारपेठ २००० साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीने विकत घेतली. मूळ भागाचा मोठा फायदा म्हणजे मापाची कटकट राहत नाही. तुमचं काम फक्त रंग आणि थोडी कलाकुसर एवढंच उरतं.

मूळ भागांत जे मिळत नाही त्यासाठी साच्यातून वस्तू काढणारे स्वतंत्र उत्पादक आहेत. ब्रिकआर्म्स, ब्रिकफोर्ज, ब्रिकवॉरिअर्स ही अमेरिकेतली जुनी नावं. ब्रिकआर्म्सचा भर आधुनिक युद्धातल्या शस्त्रांवर, जी लेगो स्वतः बनवत नाही. ब्रिकवॉरिअर्सकडे प्राचीन आणि मध्ययुगीन चिलखतं, शिरस्त्राणं, ढाली जास्त. तुम्हाला ब्रिकवॉरिअर्सचा उपयोग अधिक. पण परदेशी पार्सलचा हिशेब नीट करा. भारतात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणनही सक्तीचं आहे. तेव्हा पाच तलवारींसाठी परदेशातून पार्सल मागवणं शहाणपणाचं नाही. गणपतीच्या तोंडावर तर मुळीच नाही, पार्सल अडकलं तर देखावा अडकला.

तिसरा मार्ग म्हणजे रेझिन थ्रीडी प्रिंट. मराठा शस्त्रांसाठी खरं तर हाच मार्ग उरतो, कारण धोप (सरळ पात्याची तलवार), दांडपट्टा, बिचवा (छोटी वाकडी कट्यार) हे साच्यातून काढून विकणारा मला अजून भेटलेला नाही. पुण्या-मुंबईत फाइल पाठवली की प्रिंट करून कुरिअरने देणारे पुष्कळ आहेत. त्यांना फक्त 'तलवार पाठवा' असं सांगू नका. एबीएससारखं (लेगोच्या विटा ज्याच्या असतात ते प्लॅस्टिक) चिवट रेझिन मागा, साधं रेझिन मोडतं. थराची जाडी ०.०५ मिमी किंवा कमी मागा. प्रिंटचे आधार, म्हणजे छपाईत वस्तू धरून ठेवणाऱ्या काड्या, मुठीवर येऊ देऊ नका असं स्पष्ट लिहा, कारण आधार तोडल्यावर उरणारे टोचे नेमके पकडीत जातात. आणि सगळी ऑर्डर देण्याआधी एक चाचणी पट्टी काढून घ्या: ३.०५, ३.१०, ३.१५, ३.२० मिमी व्यासाच्या चार दांड्या. रेझिन पक्कं होताना किंचित आकसतं आणि प्रत्येक प्रिंटरचं आकसणं वेगळं. फाइलमध्ये ३.१८ लिहिलं म्हणून हातात ३.१८ येत नाही. चारांपैकी जी दांडी हातात नीट बसेल, तेच माप सगळ्या मुठींना द्या.

आकारमानाचाही विचार करा. मिनिफिगरची उंची साधारण ४ सेंमी. माणूस १६५ सेंमीचा धरला तर प्रमाण सुमारे १:४१ येतं. म्हणजे ९० सेंमीची तलवार २.२ सेंमीची, आणि २४० सेंमीचा भाला ६ सेंमीच्या जवळ. लांबी या हिशेबाने ठेवा. जाडी मात्र हिशेबाने ठेवू नका. पात्याची खरी जाडी ४१ ने भागली तर कागदासारखं पातं येईल आणि पहिल्याच दिवशी मोडेल. पातं ०.८ ते १ मिमी ठेवा. मिनिफिगर स्वतःच ठेंगणी आणि रुंद आहे, तिच्या हातात जाड पातंच शोभून दिसतं.

दांडपट्ट्याबद्दल वेगळं लिहितो, कारण तो सगळ्यांना हवा असतो आणि सगळ्यांचा बिघडतो. पट्ट्याची मूठ ही साधी मूठ नव्हे. हात कोपराकडे झाकणारा लोखंडी खोबळा असतो आणि आतल्या आडव्या दांडीला धरायचं असतं. बाजारात दिसणाऱ्या मिनिफिगरच्या पट्ट्यांमध्ये खोबळा भरीव करून खाली नुसती दांडी चिकटवलेली असते. मग पट्टा हाताच्या पुढे लोंबकळतो, आणि पट्टेकऱ्याच्या हाताची जी ऐट असते ती नाहीशी होते. खोबळा पोकळ करून घ्या, हाताच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडा सैल, आणि आत मुठीच्या मापाची छोटी दांडी आडवी ठेवा. हात आत शिरतो, दांडी पकडतो आणि मनगट झाकलं जातं. मेहनत आहे, पण देखाव्यात पट्टेकरी एकच ठेवला तरी लोक तिथे थांबून बघतात.

बंदुकीच्या बाबतीत एक सोपी युक्ती. लेगोची पायरेट्समधली बंदूक चकमकीची आहे, शिवकाळात आपल्याकडे तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायच्या, बंदुका जास्त. या आकारात चापाचा फरक दिसत नाही, पण तोडा दिसतो. पातळ सुती दोरा डिंकात भिजवून, वळवून बंदुकीच्या बाजूला चिकटवा आणि टोकाला लाल ठिपका द्या. तेवढ्याने बंदूक आपली वाटू लागते. आणि एक विनंती: पायरेट्सच्या संचातल्या आकड्याचे हात, लाकडी पाय आणि कवटीची निशाणं आपल्या खलाशांना लावू नका. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं तेव्हापासून कान्होजी आंग्र्यांपर्यंत हे राज्याचं आरमार होतं. इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटलं, आपण आपल्याच देखाव्यात ते म्हणू नये.

वस्तू हातात आली की आधी धुवा. साच्यातल्या वस्तूंवर तेलकट थर असतो, कोमट पाणी आणि भांड्याचा साबण पुरेसा. मग साच्याचा देठ जिथे जोडलेला होता तो खडा काढायचा. निपर आधी लांबून लावा, मिलिमीटरभर ठेवून तोडा, आणि उरलेलं धारदार कटरने दोन-तीन पातळ कापांत काढा. एकदम मुळाशी तोडलं की प्लॅस्टिक फाटून पांढरा खड्डा पडतो. त्यानंतर ओला पॉलिश पेपर: ४००, ८००, मग १५००. रेझिन असेल तर कोरडं घासणं पूर्ण वर्ज्य, ती धूळ फुफ्फुसात जायला नको. ओलं घासा, मास्क लावा, पाणी वर्तमानपत्रावर गाळून टाका.

घट्ट मुठी याच वेळी मापात आणायच्या. पॉलिश पेपरची पट्टी मुठीभोवती गुंडाळून मूठ गोल फिरवा आणि दर काही फेऱ्यांनी कॅलिपर लावा. एका बाजूने घासत बसलात तर मूठ चपटी होते. ढिल्या मुठींना उलट करा: पाण्यावर आधारलेल्या पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचा एक पातळ थर मुठीवर द्या, दोन दिवस सुकू द्या, मोजा, लागला तर दुसरा. हे सगळं शस्त्रावर करायचं, हातावर कधीच नाही. आणि रेझिनची तलवार हातात बसवताना बाजूने खटकन दाबू नका. मुठीचं टोक वरून पकडीत घाला आणि सरकवत खाली न्या.

आता तुमच्या चिकट रंगाकडे येतो. आधी एक तपासणी करा. तलवारीचा न रंगवलेला भाग, मुठीचं टोक वगैरे, नखाने दाबून बघा. तिथेही चिकट लागलं तर दोष रंगाचा नाही, रेझिनच कच्चं आहे. प्रिंट करणाऱ्याने अल्कोहोलमध्ये नीट धुतलं नाही किंवा अतिनील प्रकाशात पुरेसं ठेवलं नाही. अशा वस्तू हातमोजे घालून हाताळा, कच्च्या रेझिनने काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी जडते. रंग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून उन्हात ठेवा. ऊन नसेल तर ४०५ नॅनोमीटरचा दिवा लागेल. मूठ कडक आणि कोरडी असेल तर मात्र दोष रंगाच्या थराचा किंवा हवेचा.

स्प्रे इनॅमल या कामाला मला आवडत नाही. थर जाड बसतो, काही प्लॅस्टिकवर तो कधीच पुरता सुकत नाही, आणि त्यातले विद्रावक एबीएस खातात. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांचंही तेच, ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. एबीएसच्या वस्तूवर इनॅमल बसलं असेल तर ते काढत बसण्यापेक्षा नवी वस्तू घेणं स्वस्त पडतं. पाण्यावरचे ॲक्रिलिक रंग वापरा, कुंचल्याने द्या, आणि पातळ द्या. आधी प्राइमरचा एक थर, मग रंगाचे दोन, फार तर तीन.

मूठ मात्र कोरी ठेवायची. हिशेब साधा आहे: एका बाजूला ०.०५ मिमी रंग म्हणजे व्यासात ०.१ मिमी वाढ. घासून ३.१८ वर आणलेली मूठ रंगाने ३.२८ होते, आणि तुम्ही पुन्हा तडकलेल्या हातापाशी. शिवाय पकडीत सरकताना तो रंग खरवडलाच जातो. रंगवण्याआधी मुठीवर सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी चढवा. मास्किंग टेपपेक्षा ती चांगली, कडेने रंग आत शिरत नाही, आणि त्या नळीला धरून वस्तू फिरवताही येते. मुठीचा रंग हवाच असेल तर प्रिंट त्या रंगाच्या रेझिनमध्ये मागवा.

पात्याला थेट चंदेरी रंग दिला की ते खेळण्यातलं दिसतं. आधी काळा, तो सुकल्यावर कुंचला जवळजवळ कोरडा करून चंदेरी नुसता कडांवरून फिरवा. खोलगट भागात काळा राहतो आणि पोलाद दिसू लागतं. तलवारीच्या नक्षीला सोनेरी, आणि त्यावर पाण्याने पातळ केलेला तपकिरी. ढालीवर चार फुलं असतात, ती सुईच्या टोकाने ठिपके देऊन उठवा. बारीक हात बसवायचा असेल तर गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, जाऊन बसा. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास कुठे रोखतो, मनगट कशावर टेकवतो, कुंचल्यात रंग किती घेतो, हे बघण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी रंगवताना बघायला मिळाली तर तीही बघा.

दमट हवेमुळे वेळापत्रकच बदलावं लागतं. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते, आणि गणपतीची तयारी नेमकी याच काळात. वार्निशचा स्प्रे मारला की त्यातलं विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर साचतं आणि वार्निश दुधाळ होतं. काळ्या पगडीवर हे फार दिसतं. शक्य असेल तर रंगकाम आगोटीच्या आधी, मे महिन्यात उरका. यंदा ते होणार नसेल तर स्प्रे पूर्ण बंद ठेवा आणि मॅट वार्निश कुंचल्याने द्या. सुकवायला घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाशी सिलिका जेल, वर जाळी, जाळीवर वस्तू. पण थर दिल्या दिल्या झाकण लावू नका. आधी पंख्याखाली तासभर, मग डब्यात. दोन थरांमध्ये एक पूर्ण दिवस, आणि शेवटच्या थरानंतर आठवडाभर हात लावायचा नाही. बोटाला कोरडा लागणारा रंग आतून पक्का झालेला नसतो. कपाटात बल्ब लावून सुकवायची पद्धत आपल्याकडे आहे, पण पातळ रेझिनची पाती उबेने वाकतात. डब्यात बल्ब लावू नका.

धातूच्या तलवारींची जाहिरात दिसेल. समुद्राकाठी त्या घेऊ नका. मुलामा दिलेल्या स्वस्त मिश्रधातूवर खाऱ्या वाऱ्याने पांढरी बुरशीसारखी पूड येते, आणि कठीण धातू हाताची पकड आतून खरवडतो. क्रोमचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिकही मुठीपासून सोलायला लागतं.

शेले आणि झेंडे सुती कापडाचे केले तर पावसात सादळतात आणि काळे ठिपके पडतात. फेव्हिकॉल लावून कडक केलेलं कापडही दमट हवेत मऊ पडतं. जुन्या छत्रीचं कापड वापरा. ते पातळ असतं, रंग घेतं, आणि कापलेली कड अगरबत्तीच्या टोकाने हलकेच वितळवली की धागे सुटत नाहीत. भगव्या झेंड्याला मी दुसरं काही वापरत नाही. पगडीच्या आतलं भोक डोक्यावरच्या ४.८ मिमीच्या खुंटीवर बसतं, तेही मुठीसारखंच मोजून घ्या.

अंगरख्याच्या नक्षीसाठी स्टिकर नको. गोंद सुटतो आणि कागदाला कसर लागते. पाण्यात भिजवून सरकवायचे डीकॅल घ्या. इंकजेटवर छापलेत तर भिजवण्याआधी पारदर्शक थर द्यावाच लागतो, नाहीतर शाई वाहते. घरचे प्रिंटर पांढरा रंग छापत नाहीत, म्हणून गडद अंगावरच्या नक्षीला पांढऱ्या पाठीचा कागद लागेल.

घरात लहान मुलं असतील तर रेझिनच्या आणि रंगवलेल्या वस्तू त्यांच्या खेळात मिसळू देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलासाठी हा प्रत्येक तुकडा घशात अडकण्याच्या आकाराचा आहे, आणि मोडलेल्या रेझिनची कड काचेसारखी असते. मुलांना हातात द्यायला लेगोच्या मूळ तलवारींची एक वेगळी पिशवी ठेवा.

विसर्जनानंतर शस्त्रं हातातून काढून ठेवा, वर्षभर पकडीत राहिली तर चांगली पकडही सैलावते. प्रत्येक वस्तू टिश्यूत गुंडाळून, सिलिका जेलसह, घट्ट झाकणाच्या डब्यात. स्पंजमध्ये खोचू नका, जुना स्पंज चिकट होऊन रंगाला लागतो. पुढची ऑर्डर देताना सात-आठ सुटे हात जास्तीचे मागवा, आणि त्वचेच्या रंगाशी ताडून बघा, कारण पिवळ्या आणि नैसर्गिक वर्णाच्या मिनिफिगरचे हात वेगवेगळ्या छटांचे येतात.